वर्दी कोणी द्यायची?

भोपाळहून पश्चिमेस निघाले म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरांवर सीहोर लागते. आज ते एक जिल्ह्याचे गाव आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात भोपाळ संस्थानावर देखरेख करणाऱ्या इंग्रज पोलिटिकल एजंटाचे ठाणे तेथे होते. १८३० नंतरच्या दशकात लान्सलॉट विल्किन्सन हा गृहस्थ त्या जागेवर होता. ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव निघते, ते सीहोरच्या पाठशाळेत त्याने भास्कराचार्यांच्या सिद्धान्तग्रंथांच्या अध्ययनाला पुन्हा चालना दिली म्हणून. त्याच्या पाठशाळेतील सुबाजी बापू ह्या पंडिताने ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला व तो १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला, ही गोष्ट भोपाळातील मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु आज मी सांगणार आहे ते त्या विल्किन्सनचे ज्योतिष नव्हे.

त्याच्या कानावर आणखी एक गोष्ट आली होती. माळव्यातील काही रजपूत घराण्यांत मुलगी जन्मली की ती जगत नसे. ती आजाराने मरत नव्हती. तिला जगू दिले जात नव्हते. आता अशा गुन्ह्याची चौकशी करावी कशी? फिर्याद करणारा कोणी नाही. जिचा जीव गेला तिचे नाव ठेवण्यापर्यंतही वेळ गेलेली नाही. आई, आजी, सुईण ह्या साऱ्या घरातल्या, आणि घराची भिंत ओलांडून शब्द बाहेर जाण्याची वाट नाही. विल्किन्सनने केले ते इतकेच, की त्याने लोकांना बोलते केले आणि घरोघरची मुले मोजविली. मुलगे किती, मुली किती? दोन्ही आकडे शेजारी मांडले की जे कोणी सांगत नव्हते ते आकडे सांगू लागत.

मुलांच्या हालाची दखल घेण्याचा आपल्या देशातील लिखित इतिहास असा मोजणीपासून सुरू होतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. विल्किन्सन ह्या मार्गावरचा पहिला नव्हे. काशीस रेसिडेंट असलेल्या जोनाथन डंकन ह्याने १७८९ मध्ये राजकुमार रजपुतांतील ही चाल उघडकीस आणली व त्यांच्याकडून ती सोडण्याचे करार लिहून घेतले. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या प्रेरणेने कर्नल वॉकरने १८०७-०८ च्या सुमारास काठेवाडातील जाडेजांकडून तसेच करार करविले. करार झाले, कागद तयार झाले, आणि मुली पूर्वीसारख्याच मरत राहिल्या. कारण करार पाळला की मोडला हे पाहणारा तेथे कोणी नव्हता.

ही उणीव ओळखली ती काठेवाडचा पोलिटिकल एजंट विलोबी ह्याने. १८३४ मध्ये त्याने जी योजना आखली तिच्यात दरवर्षी जाडेजांच्या मुलामुलींची गणती होती, गुन्हा करणाऱ्यास दंड होता, दंडाच्या पैशातून मुलींच्या लग्नास मदत होती आणि वर्दी देणाऱ्यास बक्षीसही होते. ह्यातले शेवटचे कलम मोठे नाजूक. बक्षिसाच्या आशेने बोलणारा मनुष्य खरे बोलेलच असे नाही. आणि खरे बोलणारा मनुष्य बक्षीस घेऊन त्याच गावात उद्या राहणार कसा, हाही प्रश्न आहेच. ह्या विषयावर निबंध मागविण्यात आले तेव्हा पारितोषिक मिळाले ते भाऊ दाजी लाड ह्या मराठी तरुणाला. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाबद्दल त्यांना ६०० रुपये मिळाले. पुढे डॉक्टर व प्राच्यविद्यापंडित म्हणून ख्याती पावलेल्या ह्या पुरुषाच्या पहिल्या लेखनाचा विषय नवजात मुलींची हत्या हा होता, ह्याचा आपल्याला बहुधा विसर पडतो.

१८७० मध्ये मुलींच्या हत्येविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. तो मुख्यतः वायव्य प्रांत, अवध व पंजाब ह्या भागांसाठी होता. ज्या गावांवर संशय असेल तेथे जन्ममृत्यूची नोंद सक्तीची झाली, आणि गावात मूल जन्मले किंवा दगावले की त्याची खबर ठाण्यावर पोहोचविण्याचे काम सुईण व चौकीदार ह्यांच्यावर आले. येथे जरा थांबून पाहा. गुन्हा घडतो जमीनदाराच्या वाड्यात, आणि त्याची वर्दी द्यायची ती त्या वाड्याच्या दाण्यावर जगणाऱ्या सुइणीने! बोलली तर पोट जाते, न बोलली तर शिक्षा होते. कायदा करणाऱ्यांना दुसरा साक्षीदार मिळाला नाही हे खरे. पण सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर सर्वांत जड ओझे ठेवण्याची ही रीत तेव्हापासून आजवर पुरती गेलेली नाही. शाळेच्या बसवरील मदतनीस बाई, वसतिगृहातील स्वयंपाकीण, घरकामाला येणारी मुलगी, पाहणारी माणसे आजही बहुधा हीच असतात.

इकडे पुण्यात मात्र त्याच काळात अगदी उलट दिशेने विचार करणारा एक मनुष्य होता. १८६३ साली पुण्यातील एका घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई नावाच्या विधवेने आपले नवजात मूल मारले. तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्ह्याची वर्दी लागली, तपास झाला, शिक्षाही झाली. कायद्याच्या दृष्टीने सारे यथास्थित पार पडले. जोतीराव फुल्यांना मात्र ते यथास्थित वाटले नाही. त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा अर्थाच्या जाहिराती पुण्यात लावल्या. सावित्रीबाईंनी त्या मुलांचे संगोपन केले. ह्या गृहात ३५ विधवा येऊन गेल्याचे जोतीरावांनी १८८४ च्या आपल्या टिपणात नमूद केले आहे. पंढरपुरास १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असेच अनाथ बालकाश्रम सुरू केले; त्यामागे तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर ह्यांचा पुढाकार होता.

एक मार्ग असा, की गुपित फोडून मूल वाचवावे. दुसरा असा, की गुपित सांभाळून मूल वाचवावे. ह्या दोन्ही वाटा एकमेकींच्या शत्रू आहेत असे वरवर पाहता वाटते. तसे नाही हे पुढे दिसेल. परंतु त्यांच्यातली ओढाताण आजच्या कायद्यापर्यंत चालत आली आहे, म्हणून फुल्यांचे हे गृह मनात ठेवावे.

१८९० च्या जून महिन्यात कलकत्त्यास फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या हातून मरण पावली. तिचा नवरा तिच्याहून वयाने कितीतरी मोठा होता. त्या काळच्या दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची होती, म्हणून बलात्काराचा आरोप टिकेना. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मुंबईचे बेहरामजी मलबारी आधीपासूनच ह्या प्रश्नासाठी झगडत होते. आता देशभर वादळ उठले. पुण्यात तर टिळक एका बाजूस आणि आगरकर, रानडे, भांडारकर दुसऱ्या बाजूस. शास्त्रार्थ काय म्हणतो, परक्या सरकारने आमच्या घरात शिरावे काय, ह्यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्या रकान्यांत मुलीच्या शरीराचे काय झाले ह्याविषयी फारसे नव्हते. ते कोणी सांगितले? ते सांगितले हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी. त्यांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि त्यासोबत आपण स्वतः तपासलेल्या बालवधूंच्या जखमांची यादी जोडली. कोणाची बाजू घेण्यापूर्वी त्यांनी जे पाहिले ते लिहिले. वर्दी म्हणजे दुसरे काय असते?

१८९१ च्या मार्चमध्ये संमतिवय बारावर गेले. परंतु कायदा मंजूर करतानाच त्याचे हात बांधले गेले. नवऱ्याविरुद्धचा असा गुन्हा पोलिसांनी आपणहून हाती घेऊ नये, जिल्हा मॅजिस्ट्रेटाच्या पातळीवरच त्याची दखल घ्यावी, अशी तरतूद झाली. घराचा दरवाजा उघडला, पण साखळी लावून.

आता थोडे हिंदुस्थानाबाहेर जाऊ. मुलाच्या अंगावरच्या खुणा पाहून “हा अपघात नव्हे” असे म्हणण्याचे धैर्य वैद्यकशास्त्राला फार उशिरा आले. पॅरिसमधील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक आंब्रुआझ तार्द्यू ह्यांनी १८६० मध्ये ३२ मुलांच्या छळाची हकीकत छापली. त्यांपैकी १८ मुले मेली होती. छळणारे बहुतेक आईबापच होते. ह्या निबंधाकडे त्यांच्या समव्यवसायी मंडळींनी जवळजवळ पाठ फिरविली. १८७४ मध्ये न्यूयॉर्क शहरात मेरी एलन ह्या दहा वर्षांच्या मुलीची सुटका झाली. शेजारच्या खोलीत आजारी पडलेल्या एका बाईने भिंतीपलीकडचे रडणे ऐकून एट्टा व्हीलर ह्या समाजसेविकेला सांगितले, आणि व्हीलरबाई दारोदार फिरून शेवटी प्राणिरक्षण संस्थेच्या हेन्री बर्घ ह्यांच्याकडे गेल्या. त्यावरून अमेरिकेत त्या काळी घोड्यांसाठी कायदा होता आणि मुलांसाठी नव्हता, अशी आख्यायिका पसरली आहे. ती पुरती खरी नाही. मुलांसाठीही कायदा होता. मात्र तो चालविण्याची जबाबदारी अमुक एकाची, असे नव्हते. म्हणूनच त्या खटल्यानंतर लगेच मुलांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाली.

त्यानंतरही डॉक्टर गप्पच राहिले. १९४६ मध्ये जॉन कॅफी ह्या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा अर्भकांच्या मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि त्याच मुलांच्या हातापायांच्या हाडांतील मोडी ह्यांची जोडी लावून दाखविली, पण कारण स्पष्ट उच्चारले नाही. ते उच्चारले हेन्री केंप ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६२ मध्ये. अमेरिकेतील ७१ रुग्णालयांकडून त्यांनी माहिती मागविली. एका वर्षात ३०२ मुले अशी आढळली, त्यांपैकी ३३ मेली आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली. हा लेख प्रसिद्ध झाल्यावर पाचएक वर्षांत अमेरिकेच्या साऱ्या राज्यांत डॉक्टरांनी वर्दी देणे सक्तीचे झाले. तार्द्यूपासून केंपपर्यंत १०२ वर्षे गेली. हाडे तीच, जखमा त्याच. आईबाप असे करू शकतात, हे मान्य करायला तेवढी वर्षे लागली.

पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांचे कायदे केले. मध्यप्रांताचा कायदा १९२८ चा, म्हणजे नागपूर राजधानी असतानाचा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळास आली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतून कागदपत्रांच्या पेट्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही इकडे आली. नागपूरचा जुना बालकायदाही त्या वारशाचा एक भाग होता. १९७० मध्ये राज्याने आपला स्वतंत्र बाल अधिनियम केला. ह्या साऱ्या कायद्यांत निराधार, भटक्या, भीक मागणाऱ्या, वाईट संगतीत सापडलेल्या मुलांची व्यवस्था होती. रस्त्यावर दिसणारे मूल त्यांना दिसत होते. घरात, शाळेत, आश्रमात, चार भिंतींच्या आत असलेले मूल त्यांना सहसा दिसत नव्हते.

ह्याचा एक पुरावा सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत एक जुने कलम होते. १८९८ च्या संहितेत ते ४४ वे होते, १९७३ च्या संहितेत ३९ वे झाले. काही गुन्ह्यांची माहिती मिळताच प्रत्येक नागरिकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, असे ते सांगत असे. १९७३ च्या यादीत खून आहे, दरोडा आहे, रात्रीची घरफोडी आहे, खोट्या नोटा आहेत, अन्नातील भेसळ आहे, मालमत्तेची नासधूस आहे. मुलावरील अत्याचार त्या यादीत नाही; लहान मूल टाकून देणे हेही नाही. शेजाऱ्याच्या घरात खोट्या नोटा छापल्या जात असतील तर मी बोलण्यास बांधलेला होतो. त्याच घरात मूल डागले जात असेल तर तो माझ्या मर्जीचा प्रश्न होता.

ही यादी बदलावी लागेल, ह्याची जाणीव आपल्याकडे दोन-तीन धक्क्यांनी झाली. पहिला धक्का गोव्याचा. मडगावजवळ फातोर्ड्याला मुलांसाठी आश्रय चालविणाऱ्या फ्रेडी पीट्स ह्या परदेशी गृहस्थाला १९९१ मध्ये अटक झाली. परोपकारी म्हणून त्याचा लौकिक होता. त्याच्याजवळ मुलांची जी छायाचित्रे सापडली त्यांनी सारे उघडे पडले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बालकायदा केला आणि मुलांची तसली छायाचित्रे धुण्यास आली तर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन फोटोवाल्यांवर घातले. १८७० च्या कायद्यातील सुईण आणि चौकीदार ह्यांच्या जागी आता छायाचित्रे धुणारा आला, असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट धक्क्याची नव्हे, धीराची. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया ह्यांनी मुलांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १०९८. मूल स्वतः बोलू शकते आणि ते बोलले तर ऐकण्यास रात्री-बेरात्रीही कोणीतरी असले पाहिजे, ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. पुढे ही सेवा देशभर पसरली, भोपाळातही आली.

तिसरा धक्का आकड्यांचा. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्यांतील बहुतेकांनी तो तोवर कोणालाही सांगितलेला नव्हता. त्रास देणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसे मोठ्या संख्येने होती. विल्किन्सनने मोजणी करून जे उघडे केले, तेच येथे पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा मोजणीनेच उघडे झाले.

२०१२ च्या १४ नोव्हेंबरपासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला लोक पोक्सो म्हणतात, तो अमलात आला. त्याच्या १९ व्या कलमाने ती जुनी यादी खऱ्या अर्थाने बदलली. असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याची ज्याला धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावनेने वर्दी देणाऱ्यावर, त्याचा संशय पुढे खोटा ठरला तरी, कारवाई होत नाही. मूल स्वतः बोलले नाही म्हणून त्याला शिक्षा नाही. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळवायचे, आणि मुलाची ओळख छापायची नाही.

कायदा झाला म्हणजे जिभा सुटतात असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथे २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातील लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तपासात सतरा मुलींची नावे पुढे आली. त्या मुलींना औषधोपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांना हे कळूनही त्यांनी कळविले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्यावरील खटला रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. डॉक्टर दोषी ठरले असा ह्याचा अर्थ नव्हे. खटला सुरुवातीलाच खुडून टाकू नये, एवढेच न्यायालयाने म्हटले. पण त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. वर्दी वेळेवर न मिळणे हा किरकोळ दोष नाही. त्यामुळे तपासाचा पायाच नाहीसा होतो, कारण मुलाच्या शरीरावरच्या खुणा फार दिवस थांबत नाहीत.

ह्याच सुमारास, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका प्रकरणात असे सांगितले, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची व तिच्या पालकाची इच्छा असेल तर डॉक्टरांनी पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिचे नाव व ओळख सांगण्याची गरज नाही. वर्दी लागेल ह्या भयाने मुली वैदूंकडे व भोंदूंकडे जाऊ लागल्या होत्या, हे त्यामागचे वास्तव. वाचताना मला जोतीरावांच्या त्या जाहिराती आठवल्या. वर्दीही हवी आणि आडोसाही हवा. दोहोंपैकी एक काढून घेतले की मूल पुन्हा अंधारात जाते.

भोपाळच्या विधानसभेने ४ डिसेंबर २०१७ रोजी एक विधेयक एकमताने मंजूर केले. बारा वर्षे वा त्याहून कमी वयाच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्यास फाशीपर्यंत शिक्षा देण्याची तरतूद त्यात होती. असे करणारे मध्यप्रदेश हे पहिले राज्य. पुढल्याच वर्षी केंद्राच्या कायद्यातही ती शिक्षा आली. शहर त्या वेळी संतापलेले होते. आदल्याच महिन्यात एका तरुणीला आपली फिर्याद घेऊन ह्या ठाण्यावरून त्या ठाण्यावर हिंडावे लागले होते. हद्द कोणाची ह्याचाच वाद चालला होता. लोकांच्या रागाचे उत्तर म्हणून शिक्षा वाढली. माझे मत विचाराल तर, हद्दीच्या वादाचे उत्तर फाशी हे नव्हे. गुन्हेगार काका असेल, शिकवणीचा मास्तर असेल, किंवा खुद्द बापच असेल, तर फाशीच्या नावाने घरातली माणसे बोलण्याऐवजी आणखी गप्प बसतात, ही भीती अनेक जाणत्यांनी तेव्हाच बोलून दाखविली होती.

जून २०१९ मध्ये ह्याच शहरात एक लहान मुलगी संध्याकाळी घराजवळच्या दुकानाकडे गेली आणि परतली नाही. घरच्यांनी त्याच रात्री ठाणे गाठले. दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह मिळाला. वेळीच शोध घेतला नाही म्हणून काही पोलीस निलंबित झाले. जुलैमध्ये विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. सारा खटला महिनाभरात संपला. वर्दी देणाऱ्यांनी येथे उशीर केला नव्हता. उशीर झाला तो ऐकणाऱ्यांकडून, असा त्या कुटुंबाचा आक्षेप होता.

मग ओळखायचे कसे? ह्या बाबतीत वैद्यकाने गेल्या साठ वर्षांत जे शिकविले ते आता कोणाही शिक्षकाला किंवा शेजाऱ्याला कळण्यासारखे आहे. धावताना पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला, कोपराला, कपाळाला लागते. पाठीवर, कानामागे, मांडीच्या आतल्या बाजूस सहसा लागत नाही. एकाच वेळी काही वळ ताजे आणि काही पिवळे पडलेले दिसले तर मार एकदाच बसलेला नाही. जे मूल अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर काळेनिळे वळ असतील तर कारण विचारले पाहिजे. आई एक सांगते, बाप दुसरे सांगतो, आणि जखम तिसरेच सांगते, तेव्हा जखमेचे ऐकावे. बोलके मूल एकाएकी मुके होते, शाळा सुटल्यावर घरी जाण्यास रेंगाळते, अमुक एका माणसाचे नाव निघताच अंग चोरते, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, वयाला न शोभणारे शब्द खेळताना उच्चारते. ह्यांतली एकेक गोष्ट दुसऱ्या कारणानेही घडू शकते. अनेक एकत्र आल्या की दुर्लक्ष करू नये. आबाळीच्या खुणा तर आणखी साध्या: नेहमीची भूक, हवामानाला न पुरणारे कपडे, महिनोन्‌महिने दवा न झालेला कान किंवा डोळा. उलट बाजूची चूकही टाळावी. आपल्याकडील कितीतरी अर्भकांच्या कमरेवर जन्मतः निळसर डाग असतात. ते वळ नव्हेत आणि वयाबरोबर आपोआप जातात.

आणखी एका ठिकाणी फार जपून पाऊल टाकावे लागते. मध्यप्रदेशातील शहडोल जिल्ह्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन महिन्यांची एक मुलगी मरण पावली. तिला न्यूमोनिया झाला होता आणि उपाय म्हणून तप्त सळईने ५१ वेळा डागण्यात आले होते. तिकडे ह्याला ‘दगना’ म्हणतात. आपल्या मेळघाटातही कोरकू वस्त्यांत पोट फुगलेल्या बाळाला असेच चटके देण्याची रीत आहे आणि तीपायी गुन्हे नोंदले गेले आहेत. डॉक्टरच्या दृष्टीने हे चटके आणि दुष्टपणाने दिलेले चटके ह्यांत फरक नाही. मुलाच्या कातडीला तर मुळीच नाही. पण ती आई मुलाला मारू पाहत नव्हती, वाचवू पाहत होती. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्याने पुढच्या थंडीत दुसरे मूल वाचेल, की दुसरी आई चटके लपवील आणि दवाखान्यात येणेच टाळील? दारिद्र्याने होणारी उपासमार आणि हेळसांडीने होणारी उपासमार ह्यांच्याबाबतही हाच विवेक लागतो. वर्दी दोन्हीकडे द्यावी. परंतु ती ऐकणाराने शिक्षेआधी औषध, अन्न आणि माणूस पाठवावा.

येथे कायद्यातील एक मोठी फट सांगितली पाहिजे. पोक्सोची सक्ती लैंगिक अपराधांपुरती आहे. टाकलेले किंवा हरवलेले मूल आढळल्यास चोवीस तासांत कळविण्याचे बंधन २०१५ च्या बालन्याय अधिनियमात आहे, आणि मुलाला ताब्यात ठेवणाऱ्याने त्याचा छळ वा हेळसांड केल्यास त्याच अधिनियमाच्या ७५ व्या कलमाखाली शिक्षाही आहे. पण आपल्याच घरात रोज मार खाणाऱ्या, उपाशी ठेवल्या जाणाऱ्या मुलाविषयी शेजाऱ्याने कळविलेच पाहिजे, असे बंधन सर्वसाधारण नागरिकावर ह्या दोन्ही अधिनियमांत नाही. ते अजून आपल्या मर्जीवरच राहिले आहे. मेरी एलनच्या भिंतीपलीकडची ती आजारी बाईही कोणत्या कायद्याने बांधलेली नव्हती.

ज्यांना कळवावयाचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. १०९८ ही सेवा २०२३ पासून सरकारने आपल्याकडे घेतली असून ती ११२ ह्या तातडीच्या क्रमांकाशी जोडली आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि ती दिवसरात्र चालू असते. पुरावा गोळा करून मगच फोन करावा असे मुळीच नाही. पुरावा पाहणे हे पोलिसांचे व समितीचे काम. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, त्याने आपणहून जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, आणि “मी कोणालाच सांगणार नाही” असे वचन त्याला देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. मूल कोठे आहे, काय दिसले, कधी दिसले, एवढे सांगितले तरी चालते. आपले नाव सांगावयाचे नसेल तर तसेही कळविता येते.